ओढ्यापलीकडचा झोन

माझ्या बायकोची अजूनही समजूत आहे की मी उभं आयुष्य शिट्ट्या फुंकण्यात घालवलं. ती अगदीच चुकीची आहे असं नाही. कराडच्या एका कॉलेजात मी शारीरिक शिक्षणाचा संचालक होतो. पोरं ‘जिमखाना सर’ म्हणायची, आणि स्टाफरूममधले विद्वान ‘शिट्टीवाले’. पण सत्तरच्या दशकात काही वर्षं माझ्याकडे आणखी एक काम होतं आणि त्यात शिट्टीपेक्षा जीभ जास्त चालवावी लागे. मी सातारा झोनचा सेक्रेटरी होतो.

झोन म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या विद्यापीठाखाली कॉलेजं इतकी, की सगळ्यांची एकत्र स्पर्धा घ्यायची म्हटलं तर परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या असत्या. म्हणून साधारण जिल्ह्याप्रमाणे गट पाडलेले. त्यांना झोन म्हणायचं. साताऱ्याची कॉलेजं आपापसात खेळणार, सांगलीची आपापसात. मग झोनचे विजेते एकमेकांशी भिडणार आणि त्यातून विद्यापीठाचा संघ निवडला जाणार. ऐकायला सोपं आहे. पण त्या वर्षांत आमच्याकडे ऊस वाढला, उसामागून साखर कारखाना आला आणि कारखान्यामागून कॉलेज. दरवर्षी एखादं नवं कॉलेज निघायचं, आणि एसटीत जागा मिळालेल्या माणसाला पलीकडची सीट बरी वाटते तसं प्रत्येक नव्या कॉलेजाला शेजारचा झोन बरा वाटायचा. झोन बदलून द्या म्हणून माझ्या दारात चपला वाजायच्या.

एका प्राचार्यांना झोन बदलून हवा होता, कारण त्यांच्याकडे दोन चांगले पैलवान होते आणि त्याच झोनमध्ये त्याच वजनाचा तिसरा एक असा होता की त्याच्याशी जोड लागली की हे दोघेही आजारी पडत. ‘सर, जरा भूगोलाचा विचार करा,’ ते मला म्हणाले. मी म्हटलं, ‘भूगोलाचा मी करतोय, वजनाचा तुम्ही करताय.’ दुसऱ्या एका कॉलेजाला सांगलीतून आमच्याकडे यायचं होतं, कारण तिकडच्या काळ्या मातीत त्यांच्या वेगवान गोलंदाजाचा चेंडू उठत नव्हता. त्यांना मी साताऱ्यातली दोन मैदानं दाखवली. तिथे चेंडू इतका उठला की त्यांचा यष्टिरक्षकच अर्ज मागे घ्या म्हणाला.

असल्या गमती सांगत बसलो तर अख्खा दिवाळी अंक भरेल. मला सांगायची आहे ती गोष्ट खोखोची आहे, आणि तिच्यात मी फारसा हसलो नव्हतो.

औंध आणि पलूस यांच्या मधल्या पट्ट्यात ओढ्याच्या काठावर एक नवं कॉलेज निघालं होतं. तो ओढा म्हणजेच दोन जिल्ह्यांची हद्द. कॉलेजाची इमारत ओढ्याच्या अलीकडे, सातारा जिल्ह्यात. पण मैदानाला जागा मिळाली ती पलीकडे, सांगली जिल्ह्यात, पलीकडच्या गावच्या देवळाला लागून. पावसाळ्यात ओढा भरला की खेळाचा तास आपोआप रद्द. इमारतीमुळे कॉलेज सातारा झोनमध्ये, म्हणजे माझ्या पदरात पडलं होतं.

एक दिवस तिथले प्राचार्य माझ्याकडे आले. सोबत साळुंखे मॅडम होत्या. त्या अर्थशास्त्र शिकवायच्या, आणि दुसरं कोणी नव्हतं म्हणून मुलींचा खेळही बघायच्या.

‘आमचं मैदान सांगलीत आहे. म्हणजे आम्ही सांगली झोनचे,’ प्राचार्यांनी बसल्या बसल्या जाहीर केलं.

‘आणि इमारत?’

‘इमारतीत कोण खेळतं?’

मला हा युक्तिवाद आवडला. पण खरं कारण मॅडमनी सांगितलं. कॉलेजात मुलींचा खोखोचा संघ उभा राहून दोन वर्षं झाली होती. पोरी रोज सराव करत. पण आमच्या झोनच्या स्पर्धा कधी साताऱ्याला, कधी फलटणला, कधी वाईला. खेळून त्याच दिवशी परत येणं शक्य नाही, आणि मुक्कामाला एकही घर पोरगी धाडायला तयार नाही. दोन्ही वर्षं त्यांचं नाव लागलं, दोन्ही वर्षं त्या आल्या नाहीत आणि मी समोरच्या संघाला ‘पुढे चाल’ देऊन टाकली. उलट सांगली झोनमध्ये असत्या तर पलूसच्या बाजूला जाऊन सकाळची गाडी धरायची आणि दिवेलागणीला घरी.

‘दोन वर्षं या मुली एकमेकींशीच खेळतायत सर,’ मॅडम म्हणाल्या. ‘परक्या संघाचं तोंड पाहिलेलं नाही. शालन म्हणून कॅप्टन आहे आमची, तिचं शेवटचं वर्ष. एकही सामना न खेळता ती कॉलेज सोडणार.’

आता माझी अडचण ऐका. एखाद्या खेळात निदान चार संघ असल्याशिवाय झोनची स्पर्धा घेता येत नसे. आमच्याकडे मुलींच्या खोखोत मोजून चारच संघ होते आणि ते जमवायला मी प्राचार्यांच्या किती खोल्यांत किती कप कडू चहा प्यायलो होतो ते माझं मला ठाऊक. हे कॉलेज गेलं की उरले तीन. स्पर्धा बंद. माझ्या कराडच्या मुली त्या वर्षी ऐन भरात होत्या. त्यांचाही रस्ता बंद.

हे मी मॅडमना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे तुमच्या मुलींना खेळता यावं म्हणून आमच्या मुलींनी नुसतं नावाला राहायचं?’

मॅडमचं बरोबर होतं. समोरचा बरोबर असला की मी चिडतो. चिडून म्हणालो, ‘यंदा स्पर्धा वाईला आहे. मी स्वतः येतो आणि पालकांशी बोलतो. मग बघू अर्जाचं.’

पालकांशी बोलायचं म्हणजे शालनच्या वडिलांशी. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते मैदानालगतच्या त्याच गावात ऊस करत होते. सगळं गाव त्यांना हवालदार म्हणे आणि बाकीच्या पोरींच्या घरी एकच उत्तर मिळे, ‘हवालदारानं धाडली तर आमीबी धाडतो.’ रविवारी सकाळी मी आणि मॅडम त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. शालन दाराआड होती. तिचा पदर तेवढा दिसत होता.

‘सर, खेळाला माझी ना न्हाई,’ हवालदार म्हणाले. ‘म्या सोता पलटणीत बास्केटबॉल खेळलोय.’

‘मग अडचण काय?’

‘रातीला कुठं ऱ्हानार?’

‘तिथल्या कॉलेजच्या हॉस्टेलवर. मॅडम सोबत आहेत, रेक्टरबाई आहेत.’

‘त्या रेक्टरबाई कोन?’

‘कोण म्हणजे, तिथल्या रेक्टर.’

‘आवं सर, म्या इचारतोय, तितं आमचं कोन हाय?’

मी नियम सांगितले, शिस्त सांगितली, दार आतून बंद असतं हे सांगितलं. ते प्रत्येक मुद्द्याला मान हलवत होते आणि जागचे हलत नव्हते. मी मनातल्या मनात अर्जावर शिफारस लिहून टाकली होती, तेवढ्यात त्यांची बायको चहा घेऊन आली. कपबशा ठेवता ठेवता तिनं विचारलं, ‘सर, खेळ वाईला म्हनलात न्हवं?’

‘हो, वाईला.’

‘वाईत माझी मावसभन दिलीया की. सुमन.’

हवालदारांनी कप खाली ठेवला. ‘ती वाईत असती व्हय?’

‘तुमी कवा गेलाय तिच्या घरी, तुमास्नी ठावं असाय?’

त्यानंतर ओसरीवर जे घडलं त्याला मी आजही मान देतो. शेजारणी आल्या. कुणाची आत्या वाईत होती, कुणाच्या भावाचा साडू, कुणाच्या नणंदेची सासू. चहाची दुसरी फेरी होईपर्यंत एकेका पोरीच्या मुक्कामाची सोय लागत गेली. मी इतकी वर्षं जिल्ह्याच्या हद्दी धरून झोन लावत होतो. या बायकांचा नकाशा वेगळाच होता, जिथवर लेकी दिलेल्या तिथवर आपला मुलूख. आणि तो माझ्यापेक्षा त्यांना पाठ होता.

एक पोरगी मात्र राहिली. रेहाना. तिचे वडील इलाही मणेर गावोगाव बांगड्या भरत फिरायचे. त्यांचे सगळे सोयरे मिरजेच्या बाजूला, वाईकडे कोणी नाही. खोखोला नऊ जणी लागतात आणि यांच्याकडे नऊच होत्या. रेहाना नाही तर संघ नाही.

हवालदारांची बायको पदर खोचून उठली, ‘चला.’ आमची वरात इलाहींच्या दारी गेली. ते अंगणात बसून बांगड्यांचे जोड दोऱ्यात ओवत होते.

‘मामा, रेहाना माझ्या सुमनकडं ऱ्हाईल. धाडा तिला.’

इलाहींनी मान वर न करता विचारलं, ‘कोन सुमन? डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग हाय, ती?’

‘तीच.’

‘तिचा लग्नाचा चुडा म्याच भरलाय.’ त्यांनी दोरा बाजूला ठेवला. ‘हात लय कडक पोरीचा. भरताना तीन बांगड्या वाढल्या, तशी रडाय लागली. म्या म्हनलं, रडू नगंस, मामा हाय न्हवं हितं, तीन काय तेरा भरीन.’ मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘सर, तिच्या घरी माझी पोर ऱ्हायची न्हाई तर कुनाच्या घरी ऱ्हायची? फकस्त सुमनला सांगा, मामानं इचारलंय म्हनून.’

दाराआडून कुणीतरी किंचाळल्यासारखं हसलं. ती रेहाना असावी.

वाईला पोरी आल्या त्या भाकऱ्यांच्या दुरड्या आणि दोनतीन आज्या घेऊनच. त्यांची पहिलीच गाठ माझ्या कराडच्या मुलींशी पडली. चिठ्ठ्या मीच टाकल्या होत्या, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. पंच साताऱ्याचे होते. मी बाजूला उभा राहिलो आणि कुणाच्या बाजूनं उभा आहे ते मलाच कळेना.

आधी ओढ्याकाठच्या पोरी पळतीवर होत्या. काय पळाल्या! माझी कॅप्टन विजया, जिच्या हातून सहसा कोणी सुटत नसे, ती शालनच्या मागे धावून धावून घामाघूम झाली. आज्या टाळ्या पिटत होत्या. मग डाव पलटला आणि पाठलाग यांच्याकडे आला. आठ जणी ओळीनं बसल्या, नववी शालन धावली, बसलेल्या पोरीच्या पाठीमागे येऊन तिनं तिला उठवलं. पंचांची शिट्टी. फाउल. फाउल झाला की धावणारीला उलट्या दिशेनं पळावं लागतं, तोवर सावज लांब जातं. पुन्हा उठवलं, पुन्हा शिट्टी. पुन्हा. पुन्हा.

पंचांचा मला संशय आला. मी रेषेजवळ जाऊन उभा राहिलो आणि तेव्हा कळलं. पंचांची काही चूक नव्हती. शालनचे ओठ हलत होते, पण ‘खो’ ऐकूच येत नव्हता. नुसता श्वास. खो हा मोठ्यानं, पंचांच्या कानावर पडेल असा द्यावा लागतो, तो या खेळाचा पहिला नियम.

मी मॅडमकडे वळलो. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

‘सर, आमचं मैदान देवळाजवळ आहे ना,’ त्या म्हणाल्या. ‘पारावर गावची मंडळी बसतात. पहिल्याच दिवशी तिथले आबा म्हणाले होते, पोरीस्नी खेळू द्या, पन गावात पोरींचा आवाज नगो. तेवढ्यावर मैदान मिळालं. मला वाटलं, आवाजाचं एवढं काय...’

दोन वर्षं या पोरी कानात कुजबुजून खो देत आल्या होत्या. बसलेली पोरगी मानेवरच्या श्वासानं उठायची. एकमेकींशी खेळताना फाउल द्यायला होतं कोण? चूक म्हणावी तर केवढी मोठी, आणि हसावं तर हसूही येईना.

मध्यंतरात मी सेक्रेटरीपण गुंडाळून ठेवून शालनजवळ गेलो. ‘अगं, मोठ्यानं म्हण खो.’

‘म्हनतोय की सर!’ ती रडवेली होऊन म्हणाली. तिला तिचा आवाज खरोखरच मोठा वाटत होता.

दुसऱ्या डावात पहिल्यांदा तोंड उघडलं ते रेहानानं. असा ‘खो’ दिला की तिनं स्वतःच दचकून तोंडावर हात ठेवला आणि समोर बसलेली पोरगी उठायचं सोडून मागे वळून बघत राहिली. सगळं मैदान हसलं. पण मग एकेकीचा गळा सुटला. शेवटी शेवटी तर असा कालवा केला की शेजारच्या मैदानावरच्या व्हॉलीबॉलच्या पंचांनी निरोप धाडला, जरा हळू घ्या. तोवर उशीर झाला होता. त्या हरल्या, आणि चांगल्याच हरल्या. एका सामन्यात स्पर्धेबाहेर.

समजूत काढावी म्हणून मी गेलो. शालनचा घसा पार बसला होता. ‘सर, हारलो,’ ती म्हणाली. ‘पन लय वरडलो.’ आणि ती हसता हसता रडायला लागली.  सामना बघायला आलेल्या सुमनबाईंनी तिला जवळ घेतलं, म्हणून बरं झालं.

हिवाळ्यात झोनच्या समितीपुढे तो अर्ज आला. मला सहज म्हणता आलं असतं की आता प्रश्न मिटला, पोरी मुक्कामाला जातात. समितीतले निम्मे लोक त्याचीच वाट बघत होते. पण पुढच्या वर्षी स्पर्धा फलटणला होती, आणि फलटणला यांच्यातली एकही लेक दिलेली नव्हती. मावश्यांच्या भरवशावर झोन चालत नाही. मी शिफारस केली. एक सभासद म्हणाले, ‘अहो, तुमच्याच मुलींची स्पर्धा बुडेल.’ मी म्हटलं, ‘हो, बुडेल.’

आणि बुडाली. आमच्याकडे तीन संघ उरले आणि मुलींचा खोखो बंद झाला. नवी कॉलेजं निघून तो पुन्हा सुरू व्हायला काही वर्षं गेली. तेव्हाच्या चार वर्षांपैकी विजया दुसऱ्या वर्षाला होती. तिची पुढची दोन वर्षं तशीच गेली. तिनं मला एवढंच विचारलं, ‘सर, आम्ही काय वाईट केलं होतं?’ एका पोरीला न्याय द्यायला दुसरीच्या तोंडचा घास काढावा लागतो, हे या कामातलं मला कधीच न आवडलेलं सत्य.  त्याची रुखरुख आजही आहे.

विजया मात्र माझ्यापेक्षा मोठ्या मनाची निघाली. अर्ज मंजूर झाल्याचं कळल्यावर आठवड्याभरानं ती म्हणाली, ‘झोन नसू दे. आपण त्यांच्याकडे जाऊन खेळू. त्यांनी परत खेळायचं कबूल केलंय.’ कधी कबूल केलं होतं कोण जाणे. वाईत हरणाऱ्या आणि जिंकणाऱ्या पोरींनी आपसात ठरवून टाकलं असणार. परीक्षेच्या आधी एका दुपारी आम्ही एसटीनं गेलो, ओढ्यातल्या दगडांवरून उड्या मारत पलीकडे पोचलो. ना चषक, ना समिती, ना पुढे चाल. पंच मी.

सगळा गाव लोटला होता. देवळाच्या भिंतीला टेकून बायका बसल्या होत्या, इलाही मणेर बांगड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन त्यांच्यात. हवालदार लांब बाभळीखाली, ताठ उभे. पारावर आबा होते, पांढऱ्या मिशांचे, आणि मुद्दाम मैदानाकडे पाठ करून बसलेले.

माझ्या मुली पळतीला उतरल्या. शालनच्या पोरी ओळीनं बसल्या. मी शिट्टी दिली, शालन धावली, रेहानाच्या पाठीमागे आली, आणि तिचा गळा पुन्हा मिटला. वाईत जे जमलं होतं ते आपल्या गावात, आपल्या माणसांपुढे जमेना. ओठ हलले, श्वास आला. रेहाना सवयीनं उठून धावली.  विजया पळता पळता थांबली आणि माझ्याकडे बघू लागली.

नियम म्हणजे नियम. फाउल द्यायला मी शिट्टी तोंडात धरली.

‘आगं ए हवालदाराच्या पोरी!’

आवाज पारावरून आला. आबा कधी मैदानाकडे तोंड करून बसले होते ते कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. ते गुडघ्यावर हात टेकून पुढे वाकले होते आणि चिडलेले दिसत होते.

‘मोठ्यानं म्हन की! काय चाललंय ते आमाला हितं कळाय नगो व्हय?’

बायकांत खसखस पिकली. मी फाउल दिला, रेहानाला परत बसवलं आणि डाव पुन्हा सुरू केला. शालननं एकदा पाराकडे पाहिलं, एकदा बाभळीखालच्या बापाकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली की नाही, ते मला लांबून दिसलं नाही. मग ती धावली, बसलेल्या पोरीच्या पाठीशी पोचली आणि असा ‘खो’ दिला, की तो ओढा ओलांडून पार सातारा जिल्ह्यात ऐकू गेला.